रंगवलेला घोडा आणि न घडवलेला मोतद्दार

समाजाने आपला इतिहास कुठे कुठे लिहून ठेवला आहे हे पाहायचे तर त्याचे ग्रंथ चाळून भागत नाही. त्याची खेळणीही पाहावी लागतात. खेळणे म्हटले की आपण ते निरुपद्रवी समजून बाजूला ठेवतो, आणि म्हणूनच जे ग्रंथात उघडपणे लिहायला संकोच वाटतो ते खेळण्यात निर्धास्तपणे उतरते.

इंग्लंड, अमेरिका आणि युरोपात प्रौढ माणसांचा एक छंद आहे. जुन्या लढायांतल्या फौजा बोटाएवढ्या आकृत्यांत जमवायच्या, त्या स्वतः रंगवायच्या आणि मोठ्या टेबलावर डोंगर, नदी, गावे मांडून फासे व मोजपट्टी यांच्या आधारे ती लढाई पुन्हा लढायची. आकृत्या पूर्वी शिशाच्या असत. आता इतर धातूंच्या किंवा प्लास्टिकच्या असतात. उंची सव्वा इंचाच्या आतबाहेर. या सगळ्यात घोडदळ रंगवणे ही कसोटी मानली जाते. पायदळाची आकृती एक. स्वाराच्या दोन, माणूस आणि घोडा. एका डब्यात बारा-चौदा स्वार येतात आणि तेवढे रंगवायला नोकरदार माणसाचे दोन-तीन आठवडे जातात.

या पानांत हा विषय कशाला, असे वाचक विचारतील. अन्न, निवारा, अत्याचार, राखीव जागा हे प्रश्न समोर असताना परदेशी गृहस्थांच्या शिशाच्या शिपायांची चर्चा कोणी करावी? पण हा छंद म्हणजे इतिहासलेखनच आहे. इथे कोण आकृती होतो आणि कोण होत नाही, याचा निर्णय झालेला असतो, आणि तो निर्णय कोणी घेतला हे कुठेच लिहिलेले नसते. आपल्याला या प्रकारच्या निर्णयांची ओळख जुनी आहे.

या खेळाचे मूळ सैनिकी आहे. प्रशियात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८१२ साली राजापुढे असा खेळ मांडला. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये तो नकाशावर आणून अधिकाऱ्यांच्या शिक्षणात रुजवला. घरगुती दिवाणखान्यात तो आणला एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने. १९१३ साली त्याने ‘लिटल वॉर्स’ हे छोटे पुस्तक लिहिले. पायदळाने एका चालीत एक फूट जायचे, घोडदळाने दोन फूट, असे सोपे नियम. वेल्स युद्धविरोधी होता, आणि खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध बरे अशी त्याची भूमिका होती. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले.

वेल्सने वापरलेले शिपाई बनत होते लंडनमध्ये, ब्रिटन्स या कारखान्यात. १८९३ साली या घराण्याने आतून पोकळ शिशाची ओतकामाची युक्ती काढली आणि जर्मन मालापेक्षा स्वस्त शिपाई बाजारात आणले. त्यांचा पहिला संच होता लाइफ गार्ड्सचा, म्हणजे घोडेस्वारांचाच. पुढे बंगाल लान्सर्स आणि स्किनर्स हॉर्स यांसारखी हिंदी घोडदळेही आली. हे सगळे शिपाई हाताने रंगवले जात आणि रंगवणाऱ्या बहुतांशी कामकरी बायका होत्या. संचाच्या डब्यावर पलटणीचे नाव असे, कारखान्याचे नाव असे. ज्यांच्या कुंचल्याने त्या स्वारांचे डोळे उघडले त्या बायकांची नावे मात्र कुठेही नसत. आज हा छंद करणारा माणूस स्वतःच रंगवतो आणि रंगवण्याचा अभिमान बाळगतो. एके काळी तेच काम मजुरीचे होते तेव्हा त्यात अभिमानासारखे काही कोणाला दिसले नव्हते. श्रम तोच. मालक बदलला की त्याची प्रतिष्ठा बदलते.

या छंदाचा खरा आदिपुरुष मात्र वेल्स नव्हे. तो विल्यम सायबोर्न, ब्रिटिश सैन्यातला एक कनिष्ठ अधिकारी. १८३० साली त्याच्यावर वाटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करण्याचे काम सोपवले गेले. तो आठ महिने त्या भूमीवर, ला हे सांत या शेतवाडीत राहिला, एकेक बांध मोजला, कुठल्या शेतात कुठले पीक होते तेही टिपले. मग लढाईच्या त्या संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास कोण कुठे होते हे ठरवण्यासाठी त्याने हयात अधिकाऱ्यांना पत्रे पाठवली. उत्तरे शेकड्यांनी आली. त्याच्या मुलाने त्यांतली निवडक पत्रे १८९१ साली छापली आणि वाटर्लूच्या अभ्यासाला ती आजही आधारभूत धरली जातात.

आता यातली गोम पाहा. पत्रे गेली ती अधिकाऱ्यांना. साध्या शिपायाला कोणी विचारले नाही. रणभूमीवर पिकाची उंची किती होती याची चौकशी झाली. त्या पिकात गुडघाभर उभा असलेल्या माणसाला काय दिसले याची झाली नाही. सत्तर हजारांवर छोट्या आकृत्या त्या प्रतिकृतीत आहेत. एकेक आकृती जणू शपथेवर उभी आहे. आणि ती सगळी साक्ष एका वर्गाची आहे.

तरीही सायबोर्न अडचणीत आलाच. त्याने प्रशियन फौज जिथे होती तिथे, जेवढी होती तेवढी दाखवली. विजय आपल्या एकट्याचा असे मानणाऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनला आणि त्याच्या भोवतालच्यांना ते रुचले नाही. सरकारने पैसे थांबवले होतेच. १८३८ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती लोकांपुढे आली, लोकांनी गर्दी केली, पण सायबोर्न कर्जातून वर आला नाही. नंतर प्रशियन फौजेची मांडणी बदलली गेली, हजारो आकृत्या काढल्या गेल्या. शिशाचा शिपाईही सत्ताधाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही. ही प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. सायबोर्नने १८४४ मध्ये दुसरी, मोठ्या आकृत्यांची प्रतिकृती केली. तिचा विषय ब्रिटिश जड घोडदळाचा हल्ला. घोडदळ रंगवणाऱ्या आजच्या छांदिष्टाचे पूर्वज त्या काचेखाली उभे आहेत.

आता प्रत्यक्ष रंगकामाकडे येऊ, कारण टीका करणाऱ्याने हात कसा चालतो हे न पाहता बोलू नये. आकृतीवर आधी काळा किंवा पांढरा अस्तर-रंग देतात. घोडा आणि स्वार वेगवेगळे रंगवतात, कारण स्वार खोगिरावर बसल्यावर कुंचला आतल्या बाजूला पोहोचत नाही. घोड्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. आधी पिवळसर तांबूस रंगाचा थर द्यायचा, तो वाळला की त्यावर गडद तपकिरी तैलरंग फासायचा आणि थोड्या वेळाने स्पंजाने पुसून घ्यायचा. तैलरंग स्नायूंच्या खळग्यांत राहतो, उंचवट्यांवरून निघून जातो आणि आतला तांबूस रंग वर झळकतो. खरारा केलेल्या घोड्याच्या अंगावरची चकाकी अगदी तशीच असते. मग आयाळ, शेपूट, कपाळावरचा चांद, पांढरे पाय, खूर. सगळे घोडे एकाच रंगाचे केले तर जाणकार हसतात. कुमाईत किती, सुरंग किती, काळा कोणाला, पांढरा कोणाला याचे नियम आहेत. कर्णेवाल्याला बहुधा पांढरा. स्कॉट्स ग्रेज या पलटणीला सगळेच करडे-पांढरे. आपल्याकडेही अबलख, मुश्की, पंचकल्याणी अशी घोड्यांच्या रंगांची समृद्ध शब्दसंपत्ती आहे. ती कोणी घडवली असेल? जो रोज त्या अंगावरून हात फिरवीत होता त्यानेच.

मग साज. मोहरकी, लगाम, तंग, रिकिबी, झूल, तिच्या कडेची फीत. केसाएवढ्या रुंदीचा एकेक पट्टा आधी काळा, त्यावर तपकिरी, त्यावर कडेला उजळ रेघ. या कामात माणूस तासन्‌तास बुडतो आणि मी त्याला हसत नाही. त्या बुडण्यात श्रमाविषयीचा एक आदर आहे. तो पट्टा कोणीतरी शिवला होता, ते कातडे कोणीतरी कमावले होते, हे इतक्या जवळून पाहणारा दुसरा माणूस आज विरळा. पण हा आदर पट्ट्यापाशी थांबतो. पट्टा अचूक हवा म्हणून तो चार पुस्तके धुंडाळतो. पट्टा शिवणारा चांभार, नाल ठोकणारा नालबंद, तंग आवळणारा मोतद्दार यांच्यासाठी पान उलटत नाही. उलटले तरी काही सापडायचे नाही. ही पुस्तके गणवेशाची आहेत, आणि गणवेश ज्याला मिळाला तोच त्यांत आहे.

रंगाच्या डबीविषयीही एक बोलले पाहिजे. हम्ब्रोल कंपनीच्या छोट्या डब्या कित्येक वर्षे या छंदात घरोघर होत्या. त्यांतल्या एकसष्ट क्रमांकाच्या रंगाचे नाव ‘फ्लेश’, म्हणजे मांस, देहवर्ण. रंग गुलाबीसर. देहाचा रंग म्हटला की तो हा. बाकीच्यांनी आपला देह तपकिरीच्या डबीत शोधावा. रंगवणारा माणूस वंशद्वेष्टा असतो असे मी म्हणत नाही. तो डबी उघडतो आणि काम करतो. विचारसरणी डबीच्या झाकणावर छापलेली असते आणि ती वाचलीही जात नाही. काळ्या माणसाला या फौजांत जागा नाही असेही नव्हे. युरोपातल्या काही पलटणी काळे नगारेवाले आणि कर्णेवाले भडक पोशाखात बाळगीत. ब्रिटनच्या एकोणतिसाव्या पायदळात तर १७५९ ते १८४३ पर्यंत काळे ढोलवाले होते. त्यांच्या आकृत्या मिळतात आणि हौसेने रंगवल्या जातात. म्हणजे शोभेसाठी आला तर प्रवेश आहे. हे सूत्र आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातही ओळखीचे वाटेल.

येथवर युरोप झाला. प्रामाणिकपणे सांगायचे तर वाटर्लूच्या साध्या ब्रिटिश स्वाराला आपल्या घोड्याचा खरारा स्वतःच करावा लागे. त्यामुळे त्या टेबलावर मोतद्दार नसला तर फार मोठे असत्य घडत नाही. पण हाच खेळ हिंदुस्थानच्या लढायांकडे वळतो तेव्हा चित्र पालटते, आणि आपला संबंध येतो तो इथे.

असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यातले गाव. वेलिंग्टन तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली होता. त्याच्याकडे एकोणिसावी लाइट ड्रगून्स ही गोरी पलटण आणि मद्रासची चौथी, पाचवी, सातवी देशी घोडदळे होती. मॅक्सवेलने हल्ला नेला आणि तो पुढे मारला गेला. युद्धखेळाच्या वर्तुळात ही लढाई प्रसिद्ध आहे. शिंद्यांची कवायती पायदळे, तोफा, मोकळे मराठा घोडेस्वार, सगळे रंगीबेरंगी. आता या गोऱ्या ड्रगूनच्या घोड्यामागे हिंदुस्थानात कोण होते? घोड्याची निगा राखणारा एक माणूस आणि गवत आणणारा दुसरा, अशी त्या लष्कराची रीत होती. गवतकाप्याने पहाटे खुरपे घेऊन निघायचे, माळावरची हरळी मुळासकट खरवडायची, धुवायची आणि भारा डोक्यावर घेऊन तळावर यायचे. तळ हलला की यानेही हलायचे, आणि पोचल्यावर स्वार विसावला की याने पुन्हा माळ धरायचा. घोडदळाचा वेग टेबलावर पायदळाच्या दुप्पट असतो. तो वेग या माणसाच्या खुरप्यातून निघालेला असे. त्याच्या नावाची आकृती नाही, त्याच्यासाठी नियम नाही.

दाणागोटा वाहणारे बंजारे होते. वेलस्लीची पत्रे त्यांच्या बैलांच्या चिंतेने भरलेली आहेत. बैल नसते तर असई झालीच नसती. त्याच बंजाऱ्यांच्या काही तांड्यांवर पुढे १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला.

गवत, घोडा आणि जात यांचे नाते योगायोगाचे नव्हते. मध्य प्रांतातल्या घासिया जातीचे नावच गवताशी जोडले जाते. घोड्यांची चाकरी हे तिचे काम, अस्पृश्यता हे तिचे वेतन. आज ती मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. दुसरीकडे शिलेदारी पद्धत पाहा. स्वाराने घोडा स्वतः आणायचा किंवा त्याची रक्कम भरायची. म्हणजे ज्याच्यापाशी जमीन आणि पत नाही त्याला पागेचे दार बंद. पुढच्या काळात दोन स्वारांमागे एक तट्टू आणि एक गवतकाप्या अशी वाटणी होती. १८०३ सालीच उभे राहिलेले स्किनर्स हॉर्स याच शिलेदारी पद्धतीचे. त्यांचा पिवळा अंगरखा रंगवणे ही छांदिष्टांची मोठी डोकेदुखी आहे, कारण पिवळा रंग काळ्या अस्तरावर चढत नाही. पांढऱ्यावर पातळ थरांनी चढवावा लागतो. त्या पिवळ्याची नेमकी छटा कोणती यावर वाद होतात. दोन पिवळ्या अंगरख्यांमागे जो एक उघडा माणूस होता त्याच्या छटेवर वाद झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

यावर एक उत्तर तयार असते. हा लढाईचा खेळ आहे. मोतद्दार हल्ल्यात नव्हता, मग टेबलावर कशाला? उत्तर वरवर बिनतोड आहे. पण त्याच टेबलावर शेतवाडीच्या अंगणात कोंबड्या असतात. कुंपणे, विहिरी, गवताच्या गंजी असतात. मेलेल्या घोड्यांच्या आकृत्याही विकत मिळतात. कोंबडी हल्ल्यात होती काय? गंजी आहे आणि गंजी रचणारा नाही, हा खेळाचा नाइलाज नव्हे, ती दृष्टी आहे. काही नियमांत छावणीला जागा आहे हे खरे. १९९० साली निघालेल्या आणि फार खेळल्या गेलेल्या ‘डी बी ए’ या नियमपुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांत छावणी मांडता येते, तिच्यात लष्करामागची माणसेही ठेवता येतात. पण त्यांचे काम काय? शत्रू आला तर छावणी राखणे. ती गमावली तर सेनापतीचे नुकसान मोजले जाते. माणसे आली ती मालमत्तेच्या खात्यावर.

चित्रकलेतही हेच. ब्रिटिश घोडदळाची सर्वांत गाजलेली प्रतिमा म्हणजे एलिझाबेथ बटलर या चित्रकर्तीने १८८१ साली काढलेला स्कॉट्स ग्रेजचा हल्ला. घोडे थेट पाहणाऱ्याच्या अंगावर येतात. रंगवणाऱ्यांचे ते आदर्श चित्र. तिनेच १८७९ मध्ये काबूलच्या माघारीवरचे चित्र काढले होते: मरणाच्या दारातले तट्टू आणि त्यावर लवंडलेला डॉक्टर ब्रायडन, जलालाबादच्या तटासमोर. चित्र प्रभावी आहे, दया उत्पन्न करते. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून निघालेल्या फौजेत सुमारे साडेचार हजार शिपाई होते आणि त्यांच्यामागे बारा हजारांच्या आसपास चाकर, पाणके, मोतद्दार, बायका, मुले. बर्फात मेले ते मुख्यतः हे. दया मात्र एका स्वाराच्या आणि एका तट्टाच्या वाट्याला आली. वेलिंग्टनच्या कोपनहेगन या घोड्याला तर १८३६ साली लष्करी इतमामाने पुरले गेले. घोडा मेला तेव्हा त्याला नाव होते, थडगे मिळाले. मी घोड्याचा द्वेष करीत नाही.

आपल्या मुलांच्या दिवाळीच्या किल्ल्याची आठवण इथे होते. कुंभाराच्या मातीच्या चित्रांत वर महाराज आणि मावळे असतात. पण पायथ्याशी बैल घेऊन शेतकरी, डोक्यावर हंडा घेतलेली बाई, जात्यावर बसलेली बाई, भाजीवालीही असते. प्रमाण चुकलेले, बाई तटापेक्षा उंच. त्या बेढब मांडणीत समाज अधिक आहे हे कबूल केले पाहिजे. अर्थात गावकुसाबाहेरची वस्ती त्या किल्ल्यालाही नसते. अळीव उगवून शेत होते, पण महारवाडा करावा असे कोणाला सुचत नाही.

आणि आता आपल्याकडे बोट वळवू. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई. पेशव्यांकडे सुमारे वीस हजारांचे घोडदळ, कंपनीकडे नऊशेच्या आतले सैन्य, त्यात पायदळ पाचशेच्या घरातले. टेबलावर ही लढाई मांडली तर एक आकृती वीस माणसांची धरून पेशव्यांचेच हजार स्वार रंगवावे लागतील आणि या बाजूचे पायदळ पंचवीस आकृत्यांत संपेल. भीमाकाठच्या स्तंभावर मात्र साध्या शिपायांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत ‘नाक’ने संपणारी नावे आहेत. कंपनीने तो आपल्या विजयासाठी उभारला. तरी नावे आली. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब तिथे गेले आणि त्या नावांना नवा अर्थ आला. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्यांनी याच लष्करी सेवेचा दाखला देत दाद मागितली. तो दाखला आवश्यक होता आणि योग्य होता.

पण ज्याने तलवार धरली तो पूर्वज आम्ही मिरवतो. ज्याने खुरपे धरले त्याचे काय? मोतद्दार, गवतकापे, मेलेले घोडे ओढून नेणारे, तळ झाडणारे आमच्याच वस्त्यांतले होते. संख्येने ते शिपायांपेक्षा कमी नव्हते. आमच्या भाषणांत, पोवाड्यांत, मिरवणुकीच्या चित्ररथांत ते कितीदा येतात? लढाऊ जमात ही कल्पना इंग्रजांनी आपल्या भरतीच्या सोयीसाठी रचली आणि तिच्याच मापाने आम्हाला एकदा बाहेर काढले. ते माप आम्ही आता आमच्याच आज्यांना लावीत असू, तर आमच्या स्मृतीचे टेबल इंग्रज छांदिष्टाच्या टेबलाहून फार वेगळे नाही. तिथेही स्वार चकचकीत आहे आणि पाठीमागची जागा मोकळी आहे.

एखाद्याने ती जागा भरायची ठरवली तर काम अवघड नाही. इतिहासातल्या कुठल्याही शेतकऱ्याची आकृती घ्यावी, हातातली काठी कापून खुरपे करावे, डोक्यावर सुतळीच्या धाग्यांचा भारा चिकटवावा. अडचण रंगाला येईल. स्वाराच्या फितीची छटा सरकारी हुकमात सापडते. गवतकाप्याच्या अंगावर कुठले फडके होते, पागोटे होते की डोके उघडे, हे कुठल्याही गणवेशाच्या पुस्तकात नाही. ते शोधायला हिशेबाच्या वह्या, कंपनीच्या काळातल्या देशी चित्रकारांची चित्रे आणि जुन्या छावण्यांच्या भोवतालच्या वस्त्यांतली म्हातारी माणसे यांच्याकडे जावे लागेल. जाणारा आपल्यातलाच कोणी विद्यार्थी असेल तर अधिक बरे.